पुन्हा पाहणे

समुद्राची खोली मोजणाऱ्या माणसांचा एक जुना नियम आहे. नावेच्या कडेला उभा असलेला मोठ्याने माप पुकारतो, वही घेऊन बसलेला ते माप तसेच्या तसे परत म्हणतो, आणि मगच ते कागदावर उतरते. परत म्हटले गेले नाही तर ते माप झालेच नाही, असे मानायचे. वारा असतो, इंजिनाची धडधड असते, पाणी फळ्यांवर आपटत असते. एकट्या कानावर कोणी विसंबायचे? म्हणून एकाची हाक आणि दुसऱ्याची साद. कीर्तनात बुवा चरण म्हणतात आणि मागे उभे असलेले टाळकरी तो झेलतात, तेव्हा कुठे तो चरण सभेचा होतो. झेललाच नाही, तर तो बुवांच्या ओठांवर विरून जातो. नावेतल्या मापाचेही तसेच.

जयसिंग पायगुडे यांनी हा नियम समुद्रावरून उचलून थेट किरकटवाडीच्या स्वयंपाकघरात आणला होता. पुण्याच्या पश्चिम कडेला असलेल्या एका निमसरकारी किनारा अभ्यास केंद्रात ते सर्वेक्षक होते. वर्षातले सहा महिने कुठल्या ना कुठल्या बंदरात नावेवर, उरलेले सहा घरी. घरी असले की पूर्णिमाबाईंनी आतून म्हणावे, “मीठ संपलंय,” आणि बाहेरून उत्तर यावे, “मीठ संपलंय.”

“रविवारी आईकडे जायचंय.”

“रविवारी आईकडे जायचंय.”

नवी नवरी प्रथम गोंधळली, मग चिडली. “तुम्ही मला वेडावताय का?”

“तुम्ही मला वेडावताय का,” असे म्हणून ते हसले. “अगं, परत म्हटलं की नोंद होते. आता विसरायची सोय नाही.”

त्यांचे वडील गेनबा अंगणात विळ्याला धार लावत होते. ते मान वर न करता म्हणाले, “सूनबाई, मनावर घिऊ नगस. लहानपनी पोपट चावला व्हता त्येला.”

पुढे ती साद ऐकण्याची बाईंना सवय झाली. सवय कसली, ती त्यांच्या दिवसाची लय झाली. बोललेले शब्द ज्या घरात परत येतात, त्या घरात बाई एकटी नसते.

सन दोन हजार एकच्या फेब्रुवारीत जयसिंगराव शंखाळे नावाच्या लहानशा कोळी गावी गेले. तिथल्या खाडीच्या तोंडाशी खोली मोजायची होती. तिथेच तापाने फणफणले. जीपने पुण्यात आणले, रुग्णालयात ठेवले. पाचव्या दिवशी पूर्णिमाबाई त्यांच्या कानाशी वाकून म्हणाल्या, “घरी जायचंय आपल्याला.” आणि थांबल्या. साद यायला जेवढा वेळ लागे तेवढा थांबल्या, मग त्याहून अधिक थांबल्या. ते वाक्य परत म्हटले गेले नाही. सहाव्या दिवशी पहाटे त्यांनी डोळे मिटले. वय चौतीस. मागे बाई एकोणतीस वर्षांच्या, मुलगी नम्रता तीन वर्षांची, आणि विळ्याला धार लावणारा बाप.

अनुकंपा तत्त्वावर बाईंना त्याच केंद्रात नोकरी मिळाली. बारावी आणि टंकलेखनाची परीक्षा, एवढीच पुंजी. काम असे, की सर्वेक्षकांच्या वह्यांमधले खोलीचे आकडे संगणकात भरायचे. पहिल्याच दिवशी पुढ्यात जी वही आली ती नवऱ्याची होती. कोणी मुद्दाम ठेवली नव्हती. तीच भरायची राहिली होती.

त्या वहीचे शेवटचे पान बाई आजही डोळे मिटून वाचू शकतात. वरच्या ओळी सहकाऱ्याच्या, अनंत आगाशे यांच्या, टपोऱ्या अक्षरात. अकरा दोन, अकरा एक, अकरा. मग अक्षर बदलते. पुढच्या पाच ओळी जयसिंगरावांच्या हातच्या, तिरप्या, घाईच्या. चार नऊ. चार सहा. पाच दोन. चार आठ. आणि पुन्हा अकरा. अकरा मीटर पाण्याच्या सपाट तळात मध्येच चार मापे पाच मीटरच्या आसपासची, जणू तळातून कोणी पाठ वर काढली आहे. समासात दोनच शब्द: पुन्हा पाहणे.

अकराव्या दिवशी आगाशे यांनी वही तपासली. चार आकड्यांवर लाल पेन्सिलीने रेघ मारली. “हे काढा, बाई. नकाशात इथे काही नाही. त्या दिवशी यंत्र बंद होतं, दोरीने मापं घेतली, आणि अंगात ताप होता त्याच्या. आजूबाजूच्या खोलीची सरासरी भरा.”

ते बोलले ते हळू बोलले, दुखावण्यासाठी नव्हे. नोकरीला अकरा दिवस झालेल्या, पांढऱ्या कपाळाच्या बाईने साहेबाला काय विचारायचे? त्यांनी चार आकडे पुसले, तिथे अकरा, अकरा, अकरा, अकरा भरले, आणि त्या चौकोनांत समुद्र सपाट झाला. नवऱ्याचे शेवटचे शब्द होते ते. आपण आपल्या बोटांनी पुसले, हे शल्य त्यांच्या उरात बसले ते बसलेच.

बावीस वर्षे गेली. सज्जनहो, बावीस वर्षे एक बाई समुद्रापासून सव्वाशे किलोमीटर दूर, घाटाच्या माथ्यावरच्या शहरात बसून समुद्राचा तळ भरत राहिली. सकाळी सहा पंचवीसची बस, दुपारी डबा, संध्याकाळी मंडईतून भाजी, आणि मधल्या साऱ्या वेळात पाणी. संगणकावर समुद्राची जाळी विणतात. जाळीचा एकेक चौकोन म्हणजे पाण्याचा एक तुकडा, आणि प्रत्येक चौकोनाला एक आकडा, तिथली खोली. मग बाहेरच्या कडेने लाट सोडायची, आणि ती प्रत्येक चौकोनातून जाताना कशी वाढते, कशी वळते, कुठे फुटते, हे गणिताला विचारायचे. गणित शास्त्रज्ञांचे, पण त्याच्या पायाखालची जमीन पूर्णिमाबाईंची. त्यांच्या हातचा एक आकडा चुकला, तर लाट भलत्याच दारात जाऊन उभी राहील.

बघता बघता त्यांना लाटेचा स्वभाव कळू लागला. लाट प्रवास करते, पाणी करत नाही. पाणी जागच्या जागी उठते आणि बसते, पुढे जाते ती केवळ त्याची ओढ. आणि लाटेला तळ जाणवतो. तिची एक बाजू उथळावर आली की तिथे ती रेंगाळते, खोल पाण्यातली दुसरी बाजू पुढे धावते, आणि सारी लाट त्या उथळाकडे वळते. तिला कोणी वळवत नाही. जिथे पाय टेकतो तिकडे ती आपण होऊन झुकते. काय सांगावी ही माया! तळाशी काय आहे ते वरून दिसत नाही, पण लाटेच्या वळण्यावरून कळते की खाली काहीतरी आहे, जे तिला थांब म्हणते आहे.

बाईंनी हे पडद्यावर शेकडो वेळा पाहिले. शंखाळ्याच्या जाळीत मात्र लाटा सरळ जात. चार अकराच्या वरून त्या सपाट निघून जात, न वळता, न रेंगाळता. बाई क्वचित ते चित्र उघडत आणि लगेच बंद करत.

दोन हजार तेवीसच्या पावसाळ्यानंतर शंखाळे पुन्हा टेबलावर आले. तिथल्या कोळ्यांच्या होड्यांसाठी धक्का बांधायचा होता. धक्क्याच्या जागी पावसाळ्यात केवढ्या लाटा येतील, हे केंद्राने सांगायचे. काम अभिनवकडे आले. अभिनव तिशीचा, अमरावतीहून आलेला, हुशार आणि सदा चहा विसरणारा. पावसाळाभर त्या जागी लाटा मोजणारा बोया पाण्यात तरंगत होता. त्याची मोजमापे आली, आणि अभिनवचे गणित त्यांच्याशी जुळेना.

“ताई, हे मॉडेल माझा जीव घेणार आहे,” तो एका सकाळी पूर्णिमाबाईंच्या टेबलापाशी येऊन म्हणाला. “बोया म्हणतो दोन मीटर, मॉडेल म्हणतं एक पॉइंट दोन. तळाचं फ्रिक्शन बदललं, वारा बदलला, ग्रिड दोनदा बदललं. आता फक्त समुद्र बदलायचा बाकी आहे.”

“मग तोच बदला,” बाई म्हणाल्या.

“टोमणा आहे का हा?”

“नाही हो. इथे बसा. चहा घ्या, कालचा तसाच राहिला होता तुमचा.”

त्यांनी शंखाळ्याची जाळी उघडली. बोटाने एक जागा दाखवली आणि चार आकडे सांगितले. कागद पाहिला नाही. माळेचे मणी ओढावेत तसे ते आकडे बाहेर आले: चार नऊ, चार सहा, पाच दोन, चार आठ.

“हे कुठून आणलेत?”

“इथेच होते. मी पुसले होते.”

अभिनवने खुर्ची पुढे ओढली. त्याने आकडे भरले, गणित चालू केले. “चाळीस मिनिटं लागतील.”

“मग जेवून घेऊ.”

भाकरी आणि भरली वांगी दोघांत वाटली गेली. अभिनव बोलत होता, बाईंचे लक्ष नव्हते. गणित संपले तेव्हा त्याने चित्र उघडले, आणि घास तोंडाशी तसाच राहिला. नैर्ऋत्येकडून येणाऱ्या लाटा त्या चार चौकोनांपाशी येत होत्या, आणि दोन्ही बाजूंनी त्यांच्याकडे वळत होत्या. उजवीकडची लाट डावीकडे झुकत होती, डावीकडची उजवीकडे, आणि उथळाच्या मागे दोघी एकमेकींवर चढून उंच होत होत्या. नेमक्या तिथेच धक्का बांधायचा होता.

“एक पॉइंट आठ,” अभिनव म्हणाला.

“एक पॉइंट आठ,” बाईंच्या तोंडून निघाले. बावीस वर्षांत त्यांनी कुणाचे बोलणे असे परत म्हटले नव्हते.

अनंत आगाशे आता केंद्राचे विभागप्रमुख होते. निवृत्तीला पाच महिने राहिले होते. राहायला बिबवेवाडीत, बोलायला सदाशिव पेठेत, असे त्यांच्याविषयी कार्यालयात म्हणत.

“बाई, आपण बसा,” दोघे खोलीत आल्यावर ते म्हणाले. “अभिनव, आपण उभे राहिलात तरी चालेल. तरुण आहात.”

अभिनवने चित्र दाखवले. आगाशे यांनी ते बराच वेळ पाहिले.

“छान जुळलंय,” ते म्हणाले. “पण जुळणं वेगळं आणि खरं असणं वेगळं. छत्तीस गुण जुळलेली लग्नं मोडताना पाहिली आहेत मी. हवी तिथे टेकडी उभी केली तर मीही तुम्हाला बोया जुळवून देईन, आणि पर्वतीही नेऊन ठेवीन तिथे.”

“म्हणूनच पुन्हा मोजू या म्हणतेय,” बाई म्हणाल्या.

“नाव काढायची, माणसं पाठवायची. कारण काय लिहू? तापात टाकलेली दोरी?”

“साहेब, एक विचारू? वही तुमच्याकडे होती. वरच्या ओळी तुमच्या हातच्या आहेत, शेवटच्या पाच ह्यांच्या. वही तुमच्या हातातून ह्यांच्या हातात का गेली, एवढंच सांगा.”

आगाशे यांनी चष्मा काढला. पुसला नाही, नुसता हातात धरून बसले. अभिनव जाऊ लागला, तर त्याला हातानेच थांबवले.

“कारण मी परत म्हटलं नाही,” ते म्हणाले. “यंत्राची बॅटरी बसली होती. मापांची शेवटचीच ओळ राहिली होती. मी म्हणत होतो, चल परत, अंग भाजतंय तुझं. ऐकेना. दोरीला शिसं बांधलं, खाली सोडलं, आणि पुकारलं, चार नऊ. मी म्हटलं, जयसिंग, शुद्धीवर ये. त्याने पुन्हा टाकली. चार सहा. मी गप्प. तो माझ्याकडे बघत राहिला. मग त्याने वही माझ्या मांडीवरून उचलली, ती दोन मापं लिहिली, आणि पुढची स्वतःच पुकारली, स्वतःच परत म्हटली, स्वतःच लिहिली. नाव डुलत होती आणि हा माणूस एकटाच दोन आवाजांत बोलत होता.”

त्यांनी चष्मा टेबलावर ठेवला.

“ते ‘पुन्हा पाहणे’ त्याने माझ्यासाठी लिहिलं होतं, बाई.”

“आणि लाल रेघ?”

“मला वाटलं, गेलेल्या माणसाच्या नावावर चूक राहू नये. असं मी स्वतःला सांगितलं. त्या रेघेत माझी एक चूकही झाकली जात होती, हे सांगितलं नाही.”

पूर्णिमाबाई रागावल्या नाहीत. राग यायला हवा होता, असे त्यांनाही वाटले. पण पुसणारी बोटे आपली होती, हे त्यांना ठाऊक होते. आणि नावेत एकट्यानेच हाक आणि एकट्यानेच साद देणारा तो तापलेला माणूस डोळ्यांपुढे आला, तेव्हा रागाला जागाच उरली नाही. तिथे आपण असतो तर? चार नऊ म्हटल्याबरोबर चार नऊ म्हटले असते. वेडे तर वेडे. मीठ संपले तेव्हा त्याने कधी डबा उघडून पाहिला होता?

आगाशे यांनी कागद ओढला आणि नावेची मागणी लिहिली. कारणाच्या रकान्यात दोन शब्द लिहिले, आणि सही केली. दोन शब्द कोणते, ते सांगायला नको.

तारीख कार्तिकातली ठरली. मधले तीन आठवडे बाईंना जड गेले. एकादशीला त्या नेहमीप्रमाणे कीर्तनाला आल्या, खांबाशी बसल्या. टाळकऱ्यांनी ध्रुपद उचलले की त्यांचे डोळे भरत, हे तेव्हा अनेकांनी पाहिले आणि भक्तीचे पाणी समजले. ते भक्तीचेच होते. ज्याची आस धरली तो दिसत नाही, तरी त्याच्या नावावर डोळे वाहतात, याला दुसरे नाव काय?

घरी गेनबा चौऱ्याऐंशी वर्षांचे. शेत गेले, तिथे चार मजली इमारत उभी राहिली, आणि खालच्या पार्किंगमध्ये गेनबांची खुर्ची. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक गाडीला ते नावे ठेवत. नम्रता लग्न होऊन वाकडला गेली होती. बाईंनी सासऱ्यांना सारे सांगितले.

“मंजी माझं पोरगं खरं बोललं का खोटं, ते आता नाव जाऊन बघनार?”

“हो, आबा.”

“आन् तितं काय नसलंच तर?”

“नसलं तर नाही.”

गेनबांनी काठी खुर्चीला टेकवली. “तापात मानूस बरळतो, खरं हाय. पर बरळताना चार येगयेगळं आकडं सांगंल व्हय कुनी? बरळनारा एकच आकडा धरून बसतो. माझा बाप बरळायचा तवा नुसतं ‘बैल सोड, बैल सोड’. दुसरं न्हाई.”

बाईंना त्या दिवसांत कोणी एवढा आधार दिला नव्हता.

अभिनव म्हणाला, “ताई, तुम्ही चला नावेवर. जीपमध्ये जागा आहे.”

“नको,” त्या म्हणाल्या.

“बावीस वर्षं थांबलात, आणि आता नको?”

“नावेवर मी असले, तर मन म्हणेल जरा इकडे घ्या, जरा तिकडे घ्या. तुम्हालाही माझ्या तोंडाकडे बघून मोजावं लागेल. मला सांत्वन नकोय हो. मला माप हवंय. तुम्ही फोन करा, मी इथे वहीत लिहीन.”

तो मंगळवार होता. साडेदहाला फोन वाजला. पूर्णिमाबाईंनी जुनी वही उघडून ठेवली होती, शेवटच्या पानावर, समासातल्या त्या दोन शब्दांच्या खाली. आगाशे आपल्या खोलीतून आले, स्वतः खुर्ची ओढून बाईंच्या टेबलापाशी बसले. बाईंनी फोनचा आवाज मोठा केला. पलीकडे वारा होता, इंजिन होते, पाणी होते.

“ताई, जागेवर पोचलोय. यंत्र भरतीचं पाणी इथल्या इथे वजा करतंय, तेव्हा सांगतो तो आकडा पक्का. सुरू करू?”

“करा.”

“अकरा एक.”

“अकरा एक.” बाईंनी लिहिले.

“अकरा.”

“अकरा.”

“अकरा दोन.”

“अकरा दोन.”

नाव चार चौकोनांवरून गेली. अकरा. अकरा एक. अकरा. नाव वळली, पुन्हा गेली. अकरा, अकरा, अकरा. बाईंनी प्रत्येक आकडा परत म्हटला आणि प्रत्येक लिहिला, आणि प्रत्येक अकरा लिहिताना एक एक चौकोन त्यांच्या आत सपाट होत गेला. पान निम्मे भरले. फोनवरचा अभिनवही आता हळू पुकारत होता.

“ताई, जिथे वहीत लिहिलंय तिथे काही नाही. तिन्ही फेऱ्या झाल्या.”

बाईंनी पेन खाली ठेवले. “बरं,” त्या म्हणाल्या. “या परत. जेवून घ्या वेळेवर.”

“एक मिनिट, ताई. नाखवा काहीतरी म्हणतोय.”

वाऱ्यात दोन माणसांचे बोलणे तुटक ऐकू आले. मग एक नवा आवाज फोनजवळ आला, कोळी हेल असलेला, जरा चिडका. “तुम्ही शोधताय काय ते सांगाल का? सकाळपासून माझी नाव नांगरासारखी फिरवताय.”

“तळाला उंचवटा आहे का कुठे,” अभिनव म्हणाला.

“कासवाची पाठ? ती इथे कुठं? ती तिकडे, उत्तरेला. माझा आजा पावसाच्या तोंडी तिकडून होडी घालत नसे, लाट उभी राहते म्हणून. आधी विचारायचं तरी.”

कोणी विचारले नव्हते. लक्षावधी चौकोनांची जाळी विणली गेली, बोया पावसाळाभर तरंगला, विद्वानांनी रात्रीचे दिवस केले. ज्याच्या आजाला ठाऊक होते त्याच्या दारी कोणी गेले नाही. देव असाच लपतो, शेजारच्या घरात.

इंजिनाचा आवाज वाढला, मग कमी झाला.

“दहा आठ,” अभिनवने पुकारले.

“दहा आठ.”

“नऊ एक.”

“नऊ एक.”

“सहा.”

“सहा,” बाई म्हणाल्या.

“चार चार,” फोनमधून आवाज आला. मग वाऱ्यावरून पुन्हा, अधिक मोठ्याने, “ताई, चार चार!”

पूर्णिमाबाईंनी तोंड उघडले, पण आवाज फुटेना. फोनवर वारा वाहत होता. आकडा पुकारला गेला होता आणि हवेत उभा होता, झेलणाऱ्याची वाट पाहत.

“चार चार,” अनंत आगाशे म्हणाले.

ते मोठ्याने म्हणाले, नावेत म्हणतात तसे. शेजारच्या खोलीतली माणसे दाराशी आली. आगाशे बाईंकडे पाहत नव्हते. वहीच्या समासाकडे पाहत होते. “लिहा, बाई. परत म्हटलंय मी.”

बाईंनी लिहिले.

नंतरच्या गोष्टी रीतसर झाल्या. जयसिंगरावांच्या काळी जागा ठरवायची ती काठावर रोवलेल्या दोन काठ्यांच्या रोखाने. त्यामुळे त्यांचा उंचवटा शंभर मीटर दक्षिणेला नोंदला गेला होता. खोलीतही दोन दशांशांचा फरक होता. “भिजली की दोरी आखडते,” आगाशे म्हणाले, “मग माप जास्तच येतं. तेवढी चूक त्याची नाही, दोरीची.” जागेची चूक मात्र बाईंनी अहवालात स्पष्ट लिहायला लावली. “खरं तेवढंच लिहा. ते असते तर त्यांनी हेच सांगितलं असतं.” उंचवटा खऱ्या जागी ठेवल्यावर गणिताने एक पॉइंट नऊ सहा सांगितले, बोयाच्या दोन मीटरला लागून. धक्का दक्षिणेच्या कडेला सरकवावा, असे केंद्राने कळवले. आणि जाळीतले आकडे बाईंनी स्वतः भरले. ज्या बोटांनी पुसले होते, त्याच बोटांनी.

चित्र पुन्हा उघडले, तेव्हा लाटा येत होत्या आणि कासवाच्या पाठीकडे वळत होत्या. दोन्ही बाजूंनी, कोणी न बोलावता. बाई किती वेळ पाहत होत्या कोण जाणे. तळाशी जे आहे ते आता सगळ्यांना ठाऊक झाले होते. ज्याने ते पुकारले त्याचा आवाज मात्र कुठल्याच चौकोनात नव्हता, आणि कुठल्याच गणिताने तो परत येणार नव्हता. आकडा घरी आला. पुकारणारा तिकडेच राहिला.

त्या संध्याकाळी घरी येऊन त्यांनी गेनबांना सांगितले. गेनबांनी ऐकले, मान हलवली, डोळे पुसले, आणि समोरून जाणाऱ्या एका मोटारीला म्हणाले, “दिसंना व्हय रं, हितं मानूस बसलंय ते.”

बाई वर गेल्या. भाजी टाकली. डब्यात चमचा घातला, तो तळाला खडखडला.

“मीठ संपलंय,” त्या म्हणाल्या. का म्हणाल्या, त्यांचे त्यांनाच कळले नाही. आणि थांबल्या, साद यायला जेवढा वेळ लागे तेवढा.

जिन्यावरून काठीचा आवाज आला. गेनबा दाराशी येऊन टेकले होते, धापा टाकत. “मला म्हनलीस का काय?”

“नाही, आबा. कुणाला नाही.”

म्हातारा आत डोकावला, मिठाचा डबा उघडाच होता. मग म्हणाला, “मग वाण्याकडं जातो मी. ऊन उतरलंय,” आणि काठी टेकत पुन्हा जिना उतरू लागला.

बाईंनी गॅस बारीक केला. भाजी अळणीच शिजत राहिली, म्हातारा परत येईपर्यंत.